मदत हवी आहे : बदलीसाठी भुसावळ, शिरपूर की नवापूर? गळाच्या मासेमारीचा विचार करून सल्ला द्या

नमस्कार मंडळी,

मी एका ट्रॅक्टर कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर आहे, सध्या चाकणला असतो. कंपनी खान्देशात माणसं वाढवतेय. मला तीन गावांतून एक निवडायला सांगितलंय : भुसावळ, शिरपूर किंवा नवापूर. पगार तिन्हीकडे तोच, कामही तेच. महिनाअखेर कळवायचं आहे. मूळ गाव अमळनेर तालुक्यातलं, त्यामुळे घरच्यांना तिन्ही चालतील. आई तर रोज फोनवर एकच विचारते, कधी येतोस.

घरभाडं, मुलीची शाळा, दवाखाना हे सगळं आम्ही दोघांनी बसून पाहिलंय. थोड्याफार फरकाने तिन्ही गावं बसतात. माझा प्रश्न पाण्याचा आहे. मला गळाने मासे धरायचा नाद आहे. वडिलांनी बोरीच्या डोहात शिकवलं, पुढे तामसवाडीच्या धरणावर हात बसला. चाकणला आल्यापासून ते जवळजवळ सुटलंय आणि मला त्याची फार उणीव भासते. आता खान्देशात परत यायचंच आहे, तर घरापासून पाऊण तासाच्या आत, वर्षातले जास्तीत जास्त महिने, कुणाची हरकत न येता गळ टाकता येईल असं पाणी पाहूनच गाव निवडायचं ठरवलंय.

शिकारीचा विषय निघाला की ससा, तितर, रानडुक्कर असे सल्ले येतात, ते कृपया देऊ नका. आजोबांच्या पिढीत सातपुड्यात बंदूक घेऊन जाणारे लोक होते. यावल १९६९ साली अभयारण्य झालं आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तो विषयच मिटला. मिटला ते चांगलंच झालं. मी फक्त गळाबद्दल विचारतोय.

मला जेवढं माहीत आहे ते लिहितो, चुकत असेल तर सांगा.

भुसावळला हतनूर. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम, त्याच्या खाली हे धरण, ४१ दरवाजांचं. पाण्याचा पसारा मोठा आहे, पण गाळही तेवढाच. पूर्णा काळ्या मातीतून येते आणि सगळी माती तिथे आणून टाकते. आता गळवाल्याला याचा अर्थ काय, तर कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. काठाजवळ पाणी उथळ आणि तळाला मऊ गाळ असेल तर गळाचं शिसं गाळात रुततं, आमिष दिसेनासं होतं आणि बोयाची (दोरीवरच्या तरंगत्या खुणेची) खोली परत परत बदलावी लागते. शिवाय दीपनगरचं वीज केंद्र, रेल्वे, ऑर्डनन्स फॅक्टरी, सगळ्यांना याच धरणाचं पाणी जातं आणि शेतीला कालव्याची आवर्तनं सुटतात. मार्च-एप्रिलमध्ये काठ किती मागे सरकतो, हे तिथल्याच माणसाने सांगावं.

शिरपूरजवळ अनेर आहे, पण धरणाभोवती अभयारण्य, म्हणून ते मी मोजतच नाही. करवंद धरण आहे. आणि मुख्य म्हणजे तापी. मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या सावळदे पुलावरून जाताना खाली पाणी दिसलं की माझी मान आपोआप वळते. खाली सुलवाडे बॅरेज आहे, त्यामुळे नदीत पाणी अडून राहतं असं ऐकून आहे. काठावर उतरायला जागा आहे का, की सगळीकडे केळी-कापसाचे मळे थेट पाण्यापर्यंत आलेत?

नवापूरला उकाईचं बॅकवॉटर. तीन ठिकाणांत पाणी सगळ्यात मोठं तिथेच. पण धरण गुजरातचं, काठ काही आपला काही त्यांचा, परवानगी नेमकी कुणाकडे मागायची हे मला कळलेलं नाही.

माझ्या कामाचं गणितही सांगतो, कारण सल्ला त्यावर अवलंबून आहे. मे-जूनमध्ये खरिपाच्या आधी आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रब्बीच्या आधी ट्रॅक्टरच्या तक्रारींचा पूर येतो, तेव्हा रविवारही मिळत नाही. पावसाळ्यात मासे अंड्यावर असतात, तेव्हा मी गळ बांधून ठेवतो. विशेषतः मरळ. नर-मादी दोघं पिल्लांवर राखण करत असतात. तांबूस पिल्लांचा पुंजका पाण्याच्या वरच्या थरात खदखदताना दिसतो आणि खाली आई-बाप दबा धरून असतात. तेव्हा रबरी बेडूक समोर टाकला की मरळ हमखास झडप घालते, पण ती भुकेने नाही, पिल्लांसाठी. ती मरळ उचलली की इतर मासे त्या पिल्लांचा फडशा पाडतात. म्हणून ते मी करत नाही, कुणी करू नये. डिसेंबर-जानेवारीत खान्देशची थंडी पडली की रोहू-कटला सुस्त होतात. म्हणजे माझ्या हाताशी खरे महिने उरले फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. त्या तीन महिन्यांत ज्या पाण्याला खोली आणि काठ दोन्ही आहे, ते पाणी मला हवंय.

अमळनेर तालुक्यातल्या तापीवरच्या पाडळसरे धरणाचं काम वेळेत पुरं झालं असतं तर मी अमळनेरच मागून घेतलं असतं. असो.

तर प्रश्न असे. त्या तीन महिन्यांत पाणी कुठे टिकतं? मच्छीमार संस्थेचा ठेका असलेल्या पाण्यावर हौशी माणसाला गळ टाकू देतात का, आणि कुणाला भेटायचं? मुलीला सोबत न्यायची आहे, तिला बोया बघत बसायला फार आवडतं, तर तिच्या दृष्टीने कुठला काठ सुरक्षित? जाळं, करंट, सुरुंग असल्या गोष्टींशी माझा संबंध नाही, फक्त रॉड आणि तंगूस (गळाची नायलॉनची दोरी).

– बोरीकाठ

हतनूरकर :

दादा, मी वरणगावचा. गाळाबद्दल बरोबर लिहिलंत. पूर्णेच्या बाजूला जाऊच नका, तापीच्या बाजूचा तळ त्यामानाने घट्ट आहे. दिवाळीनंतर पाणी छान असतं, पण आवर्तनं सुरू झाली की काठ रोज मागे जातो. आज जिथे बसलात तिथे आठ दिवसांनी चिखल, आणि महिनाभराने कुणीतरी गाळपेर करून काकडी-टरबूज लावलेलं. तुमच्या फेब्रुवारी ते एप्रिलच्या हिशेबात आमचं पाणी कमी पडेल, आपलं असूनही सांगतो.

परवानगीचं असं आहे की धरणातले मासे ठेकेदार संस्थेचे. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, त्यांनी पैसे घालून सोडलेली असते. आधी संस्थेच्या सचिवांना भेटा, किती मासे नेणार ते स्पष्ट बोला, ठरेल ते पैसे द्या आणि पावती घ्या. नुसतं तोंडी ‘हो’ म्हणाले म्हणून जाऊ नका. काठावरच्या राखणदाराला ते माहीत नसतं आणि मग वाद होतो. भिंतीजवळ आणि दरवाजांच्या खालच्या अंगाला अजिबात बसायचं नाही, तिथे मनाई आहे आणि विसर्ग सोडला की पळायला वेळ मिळत नाही. हिवाळ्यात इथे बाहेरदेशीचे पक्षी उतरतात, पक्षी बघणारे लोक येतात, त्यांच्या जागा सोडून बसा. तुटलेला तंगूस काठावर टाकू नका, पक्ष्यांच्या पायात अडकतो.

रंगावली :

भाऊ, तू नवापूरलेच ये. तठे पानीच पानी शे.

बाकीचं सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत लिहितो. उकाई पूर्ण भरलं की पातळी ३४५ फूट. सप्टेंबर-ऑक्टोबरात आमच्याकडच्या नाल्यांच्या तोंडापर्यंत पाणी येतं, तेव्हाची मजा वेगळीच. पण उन्हाळ्यात पाणी खूप लांब जातं आणि मध्ये जो गाळ राहतो तो वरून सुकलेला दिसतो, पाय ठेवला की मांडीपर्यंत आत. लहान मुलीला घेऊन मार्चनंतर येऊ नको. या धरणात आमच्याकडच्या किती गावांची जमीन गेली, आणि आज त्यातल्या कित्येकांचं घर याच माशांवर चालतं. काठावर गेलास की आधी त्यांना विचार, दोन शब्द बोल. आपलेपणाने विचारलंस तर चांगली जागा तेच दाखवतील. हद्दीचं म्हणशील तर पलीकडच्या बाजूला जायचं असेल तर पलीकडची परवानगी, एका कागदावर दोन्हीकडे फिरता येत नाही.

मासे मात्र मोठे आहेत. वामही (सापासारखा लांबट मासा) मिळते.

शेतकरी_चोपडा :

तुम्ही नको म्हणालात तरी लिहितो. आमच्या मक्यात रानडुकरं रोज शिरतात, तुमच्यासारख्या हौशी लोकांना परवानगी दिली तर दोघांचं काम होईल.

बोरीकाठ :

दादा, तुमचं नुकसान मी समजू शकतो, आमच्याकडेही तेच आहे. पण तो पिकाच्या नुकसानीचा प्रश्न आहे, त्यात हौसेचा भाग येऊ नये असं मला मनापासून वाटतं. पंचनामा करून वन विभागाकडे भरपाईचा अर्ज जरूर करा, आणि नुकसान दिसल्याबरोबर करा, उशीर झाला की पंचनामा अडतो. त्यावर वेगळा धागा काढलात तर मी तिथे नक्की लिहीन.

सौ_शिंदखेडा :

भाऊ, तुमच्या मिसेसचं मत काय ते कुठेच आलं नाही. तुम्ही गावोगाव ट्रॅक्टर बघत फिरणार, रविवारी नदीवर जाणार, त्या गावात पूर्ण आठवडा राहणार त्या. त्यांना कुठे करमेल ते आधी विचारा.

सुलवाडे बॅरेज आमच्या तालुक्यात आहे म्हणून त्याचंही सांगते. पावसाळा संपला की दारं बंद करतात आणि पाणी मागे लांबवर साठतं. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा, तिन्हीकडे तसंच. तापीवरच्या उपसा योजना बरीच वर्षं बंद होत्या, शेतकऱ्यांच्या डोळ्यांसमोर पाणी आणि शेत कोरडं, हे आम्ही भोगलंय. त्यामुळे पाणी टिकतं हे खरं, पण ते का टिकलं तेही लक्षात ठेवा. योजना जसजशा चालू होतील तसं उन्हाळ्यात पाणी कमी दिसेल, आणि तसं दिसावं हीच आमची इच्छा आहे.

माझे सासरे नदीवर बसतात. ते म्हणतात, नदीच्या पाण्यात काठाला एकदम खोली असते, म्हणून मुलांना दरडीवर बसवू नये, जिथे गुरं पाण्यावर उतरतात तो उतार शोधावा. तिथे तळ कडक असतो.

बोरीकाठ :

ताई, बरं झालं विचारलंत. तिला शिरपूर हवंय. शाळेमुळे, आणि तिची मावशी तिथे आहे म्हणून. मी पाण्याचं नक्की झाल्याशिवाय तिला हो म्हटलं नव्हतं, कारण नंतर मन मारून राहायचं आणि चिडचिड घरात काढायची, हे मला करायचं नाही.

उपसा योजनांबद्दल लिहिलंत ते मनाला लागलं. शेताला पाणी जाऊन नदी उतरत असेल तर माझी काही तक्रार नाही, मी तेव्हा करवंदला जाईन. गुरांच्या उताराची खूण आमच्या वडिलांचीही होती, बोरीवर ते तशीच जागा बघायचे.

हतनूरकर दादा, रंगावली भाऊ, तुम्ही स्वतःच्या पाण्याबद्दल इतकं सरळ सांगितलंत, त्याचा मला सगळ्यात जास्त उपयोग झाला. नवापूरला ऑक्टोबरात सुट्टी मिळाली तर एकटा येईन, मुलीला आणणार नाही.

आता शिरपूरकडे कल आहे. कळवण्याआधी एका रविवारी सावळद्याला उतरून दोन्ही काठ पायी बघणार आहे. शिरपूर-शिंदखेडा भागातल्या कुणाला माहीत असेल तर एवढंच सांगा : सुलवाड्याच्या फुगवट्यात ठेका कुठल्या संस्थेकडे आहे, आणि रोहूला तिकडे शेंगदाण्याची पेंड चालते की नुसती कणीक?