पितळखोरा: वडिलांना घेऊन जायचंय, पायऱ्या झेपतील का?

गोदाकाठची
नमस्कार, आम्ही पैठणचे. श्रावणातला एक रविवार काढून अण्णांना कुठंतरी डोंगरात न्यायचं चाललंय. वय ६८, सगळा जन्म शेतीत गेला, फिरणं म्हणजे पंढरपूर नाहीतर लग्नकार्य एवढंच. वेरूळ दोनदा झालंय. मामेबहिणीनं पितळखोऱ्याचे फोटो पाठवले, मधी ओढा, दोन्हीकडं काळे कडे, वरून पाणी पडतंय, तेव्हापासून डोक्यात तेच बसलंय. पण पायऱ्या लई आहेत म्हणे आणि अण्णांचा उजवा गुडघा दुखतो. झेपेल का त्यांना? आणि तिथं नुसता निसर्गच आहे का बघण्यासारखं अजून काय आहे? जाऊन आलेल्यांनी सांगा प्लीज.

कन्नडचा_पोरगा
ताई आणा अण्णांना. संभाजीनगरहून वेरूळ, कन्नड असं यायचं, कन्नडच्या पुढं पितळखोऱ्याची पाटी बघून वळायचं, चाळीसगावचा घाट उतरायचा नाही. गाडी वर पठारावर लावायची आणि पायऱ्यांनी खाली दरीत. उतरताना काही वाटत नाही, खरी परीक्षा परत वर चढताना, म्हणून सकाळी लवकर या आणि काठी द्या अण्णांच्या हातात, पावसात पायऱ्यांवर शेवाळ असतं. पाणी आणि भाकरी सोबतच घ्या, खाली काही मिळत नाही. आणि हे गौताळा अभयारण्य आहे, २०२१ ला यवतमाळच्या टिपेश्वरहून निघालेला वाघ इथं पोचला होता, तेव्हा गाण्याचे डबे, प्लास्टिक घरीच ठेवा. एवढं राहिलेलं रान आपणच सांभाळायचंय.

लेणीवेडा
ताई, नुसता निसर्ग म्हणू नका हो, तुम्ही पैठणच्या म्हणून तर मी मुद्दाम लिहितोय. तिथं दरीत बौद्ध लेणी आहेत, इसवी सनाच्या आधीची, साधारण दोन हजार वर्षांपेक्षा जुनी, म्हणजे कैलास लेणं कोरायला घेतलं तेव्हा ही आठ-नऊशे वर्षांची झाली होती. एकूण १४, त्यातली ४ चैत्य, म्हणजे स्तूप असलेली प्रार्थनेची दालनं, बाकी भिक्खूंचे राहायचे विहार. मोठ्या चैत्यात दोन खांबांवर ब्राह्मी अक्षरं कोरलेली आहेत, तिथं जा आणि अण्णांना सांगा की हा खांब आपल्या गावच्या माणसानं दिलाय. खरंच! त्यात ‘पतिठान’ असं लिहिलंय, म्हणजे प्रतिष्ठान, आपलं पैठण, आणि दान देणारा गंधिक घराण्यातला मितदेव, म्हणजे अत्तर-सुगंधाचा व्यापार करणारं घर. राजा नाही, सरदार नाही, बाजारपेठेतला माणूस, त्यानं एवढ्या लांब डोंगरातल्या कामाला पैसा दिला. त्या काळी पैठण ही सातवाहनांची राजधानी आणि तिथून उत्तरेकडं जाणारा माल ह्याच डोंगरातल्या घाटांनी खानदेशात उतरायचा, त्यामुळं ह्या लेण्यांशी व्यापाऱ्यांचं नातं होतंच. दुसऱ्या एका शिलालेखात राजवैद्य मगिलाचं नाव येतं.

शेजारच्या विहाराच्या जोत्याला हत्तींची रांग आहे आणि दाराशी ढाल-भालेवाले द्वारपाल, त्यांच्या अंगरख्याची चुणी न् चुणी दिसते, तिथं पाच मिनिटं तरी थांबा. इथंच उत्खननात ढेरपोट्या, हसऱ्या चेहऱ्याचा यक्ष सापडला, तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर कोरलंय की कान्हदास सोनारानं हा घडवला. दगडावर स्वतःचं नाव लिहून ठेवणारा सोनार! मला आजही ते आठवलं की अंगावर काटा येतो. ओढ्यापलीकडच्या लेण्यांत स्तूप आहेत, गुडघा साथ देत असेल तरच तिकडं जा.

कातळ_७२
इतिहास भाऊंनी सांगितला, मी दगडाचं सांगतो. तिथं पुष्कळ लेण्यांचे दर्शनी भाग ढासळलेले दिसतील, लोकांना वाटतं कुणीतरी फोडले, पण मोठा हात पाण्याचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर असा पसरत गेला, भाकरीची चवड असते ना तसा. काही थर घट्ट काळा पाषाण, काही भोकं-भोकं असलेले नरम. पावसाचं पाणी भेगांतून आत झिरपतं, नरम थर झिजतो आणि वरच्या घट्ट दगडाचा आधार जातो, मग तो सुटतो. कोरणाऱ्यांनाही हा त्रास तेव्हाच कळला होता, झिरपणारं पाणी वाहून न्यायला त्यांनी खडकातून वाट काढलीये आणि ती नागाच्या फण्यांतून बाहेर पडते. हे नक्की शोधा. कड्याच्या अगदी खाली बसून डबा खाऊ नका, आणि सर्वात महत्त्वाचं, आग्या मोहोळ. वर कड्याला पोळी लटकलेली असतात, आम्ही गेलो तेव्हा एका ग्रुपनं खाली चूल पेटवली, धूर वर गेला आणि माश्या उठल्या, माझ्या भाच्याला सतरा ठिकाणी चावल्या. धूर नाही, अत्तर नाही, आरडाओरडा नाही.

गोदाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार, काल जाऊन आलो. अण्णा काठी टेकत हळूहळू उतरले, चढताना चार ठिकाणी बसलो, पलीकडं नाही गेलो. धबधबा मी बघत राहिले, अण्णा मात्र कड्याकडंच बघत होते, म्हणले आपल्या विहिरीला तीस फुटांवर हाच भोकाचा थर लागला होता, सुरुंगाला दाद देईना, छिन्नीला मात्र सुटायचा. मग एवढा खांब छिन्नीनं सरळ कसा राखला असंल, हे त्यांनी मला तीन वेळा विचारलं. कातळदादा, नागाचा फणा सापडला, पाणी येतंय अजून. पैठणचं नाव असलेल्या खांबापाशी अण्णांनी टोपी काढली आणि अक्षरांना हात न लावता खाली जमिनीला लावून कपाळाला लावला. वाटेत म्हणाले, त्या मितदेवाच्या घरचं आता कुणी पैठणात असंल का गं.