लातूरची दाळ मिल चालवताना बिझनेस कोच नेमावा का?

लातूर_दाळमिल

नमस्कार मंडळी,

लातूरच्या एमआयडीसीत आमची तुरीची दाळ मिल आहे. ती वडिलांनी उभी केली. मोंढ्यातली खरेदी आजही तेच पाहतात, तर विक्री, बँक आणि कामगार यांची जबाबदारी माझ्याकडे आहे. वर्षाची उलाढाल 30 कोटींच्या घरात आहे आणि बहुतेक माल मोठ्या पोत्यांत हैदराबाद, पुणे आणि विदर्भातल्या ठोक व्यापाऱ्यांकडे जातो.

अलीकडे एका उद्योजक मेळाव्यात एका बिझनेस कोचची ओळख झाली. त्यांचा वर्षभराचा कार्यक्रम आहे. महिन्यातून दोन बैठका, अधूनमधून फोन, आणि फी 3 लाख रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, तीही सगळी आगाऊ. वर्षभरात उलाढाल दुप्पट करून दाखवू असे ते सांगतात, आणि महिनाअखेरीनंतर फी वाढेल असेही त्यांनी बजावले आहे.

मला मदतीची गरज आहे हे खरे. मिल चालते, माल उठतो, तरी बँकेच्या सीसीची (कॅश क्रेडिट, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाची) मर्यादा कायम भरलेली असते आणि हंगाम ऐन भरात असताना खरेदीला हात आखडता घ्यावा लागतो. आमच्या जिल्ह्यातल्या बोरसुरी गावची तूर डाळ एक किलोच्या पाकिटात स्वतःच्या नावाने विकावी असे माझ्या फार मनात आहे, पण तो विषय घरात निघाला की तिथेच थांबतो. वडील तुरीचा दाणा दाताखाली फोडून ओलावा सांगतात आणि तो यंत्राच्या आकड्याशी जुळतो. मोंढा ज्याने पाहिला नाही तो माणूस आपल्याला धंदा काय शिकवणार, हा त्यांचा प्रश्न आहे आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

ज्यांनी कोच नेमला आहे किंवा विचारपूर्वक नेमला नाही, अशांनी मार्गदर्शन करावे. चांगला कोच ओळखावा कसा, हेही सांगावे.

यंत्रशाळा_वाळूज

दादा, मी संभाजीनगरजवळच्या वाळूजला सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) यंत्रांवर जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्या कारखान्यांसाठी सुटे भाग बनवण्याचे काम करतो. आमच्या भागातले बहुतेक लहान कारखानदार 1985 मध्ये सुरू झालेल्या बजाजच्या कारखान्याच्या आधाराने वाढले. त्यामुळे गुणवत्ता, वेळेवर माल आणि कागदपत्रे हे सारे ग्राहकाच्या तपासनिसांनीच आमच्याकडून घोटून घेतले. कारखाना स्वतः कसा चालवावा, हे मात्र कोणी शिकवले नव्हते, आणि त्यासाठी मी कोच नेमला.

माझी अडचण कोणती होती ते सविस्तर सांगतो, कारण कोचचा उपयोग कुठे होतो हे त्यावरूनच कळेल. संध्याकाळी सात वाजता माझ्या टेबलावर इन्सर्टच्या (यंत्रातल्या कापणाऱ्या पात्यांच्या) खरेदीच्या चिठ्ठ्या, दोन ऑपरेटरांचे रजेचे अर्ज, एक अर्धवट कोटेशन आणि ट्रान्सपोर्टवाल्याचे बिल पडलेले असे, आणि माझी सही झाल्याशिवाय यातले काहीही पुढे सरकत नसे. कोचने पहिल्या महिन्यात मला एकही उपाय सांगितला नाही. मी दिवसभरात कोणकोणते निर्णय घेतो ते फक्त लिहून ठेवायला लावले आणि मग प्रत्येकापुढे एकच प्रश्न ठेवला: हा निर्णय माझ्याखेरीज कोण घेऊ शकेल? त्या यादीतून फोरमनला ठराविक रकमेपर्यंत खरेदीचा अधिकार मिळाला, रजा सुपरवायझरकडे गेल्या आणि कोटेशनसाठी दरांचा तक्ता तयार झाला. मला दुपारी ग्राहकाकडे जायला वेळ मिळू लागला तो तेव्हापासून.

त्या गृहस्थांना धातूकामातले काही कळत नव्हते आणि त्याने अडलेही नाही. फिक्स्चरची (काम पकडून ठेवणाऱ्या साच्याची) अडचण आली तेव्हा मी इंडो-जर्मन टूल रूम या सरकारी तांत्रिक संस्थेकडे गेलो. म्हणून वडिलांचा प्रश्न रास्त असला तरी तो सल्लागाराला विचारण्याचा प्रश्न आहे. धंद्याची तांत्रिक माहिती सल्लागाराकडून घ्यावी. आपणच आपल्या वाटेत कुठे उभे आहोत हे दिसत नसेल, तर कोच उपयोगी पडतो.

वर्षाची फी आगाऊ मात्र देऊ नका. मी तीन महिन्यांचा करार केला होता आणि दर महिन्याला पैसे देत होतो. ज्यांचे काम संपून बराच काळ झाला आहे अशा दोन जुन्या ग्राहकांशी बोलायला मिळावे अशी मागणी करा, आणि कोच गेल्यानंतर त्यांच्याकडे काय टिकले ते त्यांनाच विचारा.

हिशेब_परभणी

मी परभणीत लेखापरीक्षणाचे काम करतो आणि माझ्या अशिलांमध्ये काही दाळ मिला आहेत. उलाढाल दुप्पट करण्याच्या आश्वासनापासून सुरुवात करतो, कारण दाळीच्या धंद्यात उलाढाल हे कर्तबगारीचे माप होऊच शकत नाही. 2024 मध्ये तुरीने क्विंटलला 10 हजारांची पातळी ओलांडली होती, आणि 2025 च्या हंगामात तीच तूर 7,550 रुपयांच्या हमीभावाच्या आसपास व त्याखालीही विकली गेली. एक पोते जास्त न विकता उलाढाल वाढते आणि एक पोते कमी न विकता ती घटते. ज्या कोचला हे ठाऊक नाही त्याने तुमचा ताळेबंद पाहिलेला नाही, एवढे निश्चित.

आता फीकडे येऊ. खुल्या डाळीवर जीएसटी नाही. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या, आधी पॅक केलेल्या आणि लेबल लावलेल्या डाळीवर 5 टक्के कर आहे. तुमचा बहुतेक माल मोठ्या पोत्यांत, म्हणजे करमुक्त जातो. त्यामुळे कोचच्या बिलावरील 54 हजारांच्या जीएसटीचे क्रेडिट (आपल्या करातून वजावट) तुम्हाला जवळपास मिळणार नाही. खरा खर्च 3 लाख 54 हजार धरा.

हा खर्च भरून निघण्यासाठी काय व्हावे लागेल, याचे उत्तर तुमच्या उधारीत आहे. 30 कोटींच्या उलाढालीत एका दिवसाची विक्री सुमारे 8 लाख 20 हजारांची होते. वसुली सरासरी एका दिवसाने अलीकडे आली तर तेवढी रक्कम सीसी खात्यातून मोकळी होते, आणि 10 टक्के व्याज धरले तर वर्षाला 82 हजार वाचतात. म्हणजे साडेचार दिवसांच्या उधारीत कोचची संपूर्ण फी आहे. उधारी एका महिन्याने कमी झाली तर अडीच कोटींच्या जवळपास रक्कम हातात येईल आणि हंगामात हात आखडता घ्यावा लागणार नाही. यासाठी कोच लागतोच असे नाही. आधी मुनीमजींना बसवून पार्टीनिहाय थकबाकीचा तक्ता काढा.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. 1 एप्रिल 2025 पासूनच्या नव्या मर्यादांनुसार 25 कोटींपर्यंत गुंतवणूक आणि 100 कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग लघु उद्योगात मोडतो आणि दाळ मिल हा उत्पादक उद्योग आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, 2006 प्रमाणे लेखी करार असला तरी खरेदीदाराने 45 दिवसांत पैसे द्यायचे असतात. करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते. त्याशिवाय 43ब (एच) म्हणून ओळखली जाणारी आयकरातील तरतूद आहे: मुदत उलटून 31 मार्चला थकीत राहिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात दाखवता येत नाही आणि तिच्यावर त्याला कर भरावा लागतो. या कायद्याखालच्या, थकबाकीच्या तक्रारी ऐकणाऱ्या परिषदेकडे तक्रार केली की संबंध तुटतात, हे मी जाणतो. परंतु फेब्रुवारीत खरेदीदाराच्या सीएला नम्र पत्र गेले, तर पुष्कळ वेळा तोच आपल्या अशिलाला पैसे द्यायला सांगतो. तुमचा उद्यम क्रमांक (लघु उद्योग म्हणून सरकारी नोंदणीचा क्रमांक) बिलावर छापलेला आहे का, हे आजच तपासा.

लातूर_दाळमिल

सर्वांचा मनापासून आभारी आहे. तक्ता काढला. सरासरी उधारी सत्तर दिवसांच्या पुढे निघाली आणि निम्म्याहून अधिक रक्कम फक्त पाच पार्ट्यांकडे अडकलेली आहे. या पाचही पार्ट्या वडिलांच्या जुन्या ओळखीच्या आहेत. मी माल थांबवला की ते वडिलांना फोन करतात आणि गाडी भरली जाते. वडिलांचे म्हणणे असे, की दुष्काळाच्या वर्षांत याच लोकांनी आपल्याला सांभाळून घेतले, आज त्यांच्याकडे पत्र पाठवणे शोभत नाही. मला तेही खोटे वाटत नाही. आता हा हिशेबाचा प्रश्न मानावा की घरातला?

कोच_संभाजीनगर

मी स्वतः या व्यवसायात आहे, तेव्हा माझे म्हणणे त्या दृष्टीने तपासून घ्यावे.

तुमच्या पत्रात तीन वेगळी कामे एकत्र आली आहेत. वसुलीचे तंत्र परभणीच्या साहेबांनी सांगितले, त्यात मी भर घालण्यासारखे काही नाही. पाकिटाचा प्रकल्प हे अन्नप्रक्रिया आणि विपणन जाणणाऱ्या सल्लागाराचे काम आहे. तिसरी बाब ही, की उधारी किती आणि कोणाला द्यायची याचा अंतिम निर्णय कोणाचा, हे तुमच्या मिलमध्ये कधी ठरलेलेच नाही. ती बाब कोचच्या कामात बसते, पण एका अटीवर: वडील स्वेच्छेने बैठकीला बसले पाहिजेत. मुलाने पैसे देऊन आणलेला माणूस वडिलांना मुलाचा वकील वाटतो आणि पहिल्या बैठकीतच सगळे बिघडते. मी अशा कामात आधी ज्येष्ठांना स्वतंत्रपणे भेटतो आणि त्यांची ना असेल तर काम घेत नाही. पाच पार्ट्यांना मिळून किती रकमेपर्यंत जुन्या संबंधांची सवलत द्यायची, हा आकडा वडिलांनीच ठरवावा आणि त्यापुढची गाडी तुमच्या सहीशिवाय भरू नये, इतका साधा ठराव दोघांच्या संमतीने झाला तरी वर्षभराच्या कार्यक्रमाची गरज कदाचित उरणार नाही.

पारखण्याविषयी विचारलेत. भारतात बिझनेस कोच म्हणवून घ्यायला कोणताही परवाना लागत नाही. 1995 साली स्थापन झालेली इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन ही संस्था प्रमाणपत्रे देते. तिच्या पहिल्या पायरीसाठी किमान 60 तासांचे शिक्षण आणि 100 तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. प्रमाणपत्र असले म्हणजे माणूस तुमच्या कामाचा आहे असे होत नाही, मात्र निदान त्याने हे काम शिकून घेतले आहे एवढे कळते. करारात कामाचे उद्दिष्ट मोजता येईल असे लिहिलेले असावे, तुमचे आकडे आणि पार्ट्यांची नावे गोपनीय राहतील असे कलम असावे, आणि कोणत्याही महिन्याच्या शेवटी थांबण्याची मुभा दोन्ही बाजूंना असावी. आणि ज्याने तुमच्या खात्यांवर नजरही न टाकता दुप्पट उलाढालीचे वचन दिले व महिनाअखेरीची मुदत घातली, त्याच्याकडे मी माझ्या सख्ख्या भावाला जाऊ देणार नाही.

मसाले_जालना

दादा, पाकिटाबद्दल थोडे सांगते, कारण आमचा मसाल्यांचा उद्योग त्याच वाटेने गेला आहे. बोरसुरी तूर डाळीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते चिन्ह पाकिटावर छापायचे तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते आणि आत डाळही त्याच तुरीची असावी लागते. म्हणून मिलमध्ये त्या तुरीची साठवण, भरडणी आणि नोंद वेगळी ठेवण्याची तयारी आधी करा. पाकीट 25 किलोच्या आतले असल्याने 5 टक्के जीएसटी लागेल, तो भावात धरा.

अशा माहितीसाठी आम्हाला कोणाला लाखांत फी द्यावी लागली नाही. 2020 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत जिल्हा संसाधन व्यक्ती प्रकल्प अहवालापासून परवान्यांपर्यंत मदत करतात आणि त्यांचे मानधन योजनेतून दिले जाते. तुमची मिल सूक्ष्म गटात बसत नाही, पण पाकिटाचे काम घरातल्या कोणी किंवा बचत गटाने स्वतंत्रपणे करायचे ठरवले तर कृषी विभागात चौकशी करण्यासारखी आहे. तुमच्या मिलसाठी केंद्राची लीन योजना (कारखान्यातली नासधूस कमी करण्यासाठीची) पाहा. 2023 मध्ये ती नव्या रूपात आली तेव्हा सल्लागाराच्या खर्चाचा 90 टक्के वाटा सरकारने उचलावा अशी तिची रचना होती. संभाजीनगरला मुख्यालय असलेले महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र 1988 पासून याच कामात आहे, त्याच्या तुमच्या जिल्ह्यातल्या कार्यालयातही एकदा जाऊन या.

लातूर_दाळमिल

पुढे काय झाले ते कळवतो. मेळाव्यातल्या कोचना तीन महिन्यांचा करार आणि मासिक फी यांविषयी लेखी विचारले. त्यांनी आगाऊ रकमेचा आग्रह सोडला नाही, तेव्हा त्यांना नकार कळवला.

वडिलांना थकबाकीचा तक्ता दाखवला आणि साडेचार दिवसांचा हिशेब समजावून सांगितला. त्यांनी तक्ता ठेवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी पाचपैकी दोन पार्ट्यांना स्वतःच फोन केले. सीएंना पत्र पाठवायला त्यांची अजून तयारी नाही. हैदराबादच्या पार्टीकडे आपण समक्ष जाऊन बोलू, असे ते म्हणतात आणि मीही सोबत जाणार आहे. उद्यम क्रमांक बिलावर नव्हता, तो छापून घेतला. संभाजीनगरच्या साहेबांनी सुचवलेल्या ठरावाचा मसुदा मी लिहिला आहे, त्यातला सवलतीचा आकडा मोकळा ठेवला आहे. तो वडील भरतील.