कर्ज काढून नर्स, मास्तर, समाजसेवक झालेल्यांनो, या इकडं

सुपातली_पानं: काल पाणी आलं म्हणून माळ्यावरचा पिंप काढला, त्यामागं 2016 चं कालनिर्णय. दर महिन्याच्या 10 तारखेला आईची फुली. माझ्या नर्सिंगच्या कर्जाचा हप्ता!

2 लाख 40 हजार घेतलेलं, वर्षाला 60. कोर्स अधिक एक वर्ष हप्ता नाही म्हणाले, मी खूश. व्याज पळतंय हे कुणाला ठाऊक? हप्ता सुरू झाला तेव्हा 3 लाख 40. खाजगी दवाखान्यात पगार 9 हजार, हप्ता 6. उरलेलं घर आईच्या बिड्यांवर. नाईट करून आले की ती सूप मांडीवर घेऊन बसलेली, हजार बिड्या पुऱ्या व्हायच्या म्हणून. मी पेशंटला तंबाखू सोडा सांगायची आणि घरी येऊन पानं कापायची. तुमचं सांगा.

सातरस्ता_सर: शिक्षणसेवक. माध्यमिकला महिना 8 हजार मानधन, तीन वर्षं. 2023 ला 18 केलं, तोवर माझी तीन वर्षं संपलेली. बीएडचं कर्ज फेडायला संध्याकाळी क्लास घेतले. पोरं विचारायची, सर तुम्ही कधी जेवता?

पाळण्यातला: फिजिओ. तेव्हा कर्ज 4 लाखाच्या वर गेलं की जामीनदार लागायचा, मामा उभा राहिला. तीन हप्ते थकले. गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसलोय, वर गेल्यावर मामाचा फोन, "बँकेचे लोक दुकानात आलेत, चहा पाजू का तुझा पत्ता देऊ?" खाली यायला अर्धा तास लागल्यासारखं झालं बे.

जुळेसोलापूर: 😂😂 मामाने काय केलं मग?

पाळण्यातला: चहा पाजला. वर दोन हप्ते भरले. आईला अजून माहीत नाही.

फाइलवाला: सुपातली ताई, तुमचं वरचं एक लाख टळलं असतं की ओ. घरचं उत्पन्न साडेचार लाखाच्या आत असलं तर कोर्स अधिक एक वर्षाचं व्याज केंद्र सरकार भरतं, 2009 पासून आहे. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला द्यायचा फक्त.

सुपातली_पानं: 2011 ला मॅनेजरसमोर चार वेळा बसले. एका शब्दानं बोलला नाही. बिडीवालीची पोरगी म्हणून "फेडशील ना?" तेवढं मात्र चार वेळा विचारलं.

पगारदार: इन्कम टॅक्सच्या 80ई कलमात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची सूट मिळते, आठ वर्षं. जुनी करप्रणाली घेतली तरच.

सातरस्ता_सर: कर लागायला आधी पगार लागतो साहेब.

एमएसडब्ल्यू_ताई: माझं एमएसडब्ल्यूचं, म्हणजे समाजकार्याच्या शिक्षणाचं कर्ज अजून चालूय. वस्तीत बचतगटाच्या बायकांना सांगते, सावकाराकडं जाऊ नका. परवा एकीनं विचारलं, ताई तुमचं किती हाय? सांगितलं. ती म्हणाली, आमच्या गटात या की मग. शंभर रुपये महिना बचत, कर्जाला महिन्याला दोन टक्के. बँकेपेक्षा महाग, पण मामा नको बघा जामिनाला.

जुळेसोलापूर: तुमच्याकडं पाणी किती दिवसाआड? आमचा आज पाचवा.

फाइलवाला: काल होतं. धारच नव्हती.

सुपातली_पानं: भाचीचं यंदा नर्सिंगला होईल बहुतेक. फाइलवाले दादा, दाखल्याला रेशनकार्ड पुरतं का आणखी काय? आई मागून ओरडतीय, मोटर बंद कर. येते.