बायबल वाचन नुसतं टिक मारण्यापुरतं उरलंय, काय करू?

पानोपानी:
जय ख्रिस्त सगळ्यांना. वर्षभरात पूर्ण बायबल वाचायचा प्लॅन फोनवर लावलाय, जुन्या करारातले दोन-तीन अध्याय, नव्यातला एकेक. होतं काय की रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवतं अरे आजचं राहिलंच, मग डोळे मिटत असताना सरसर वाचायचं, टिक मारायची, ॲप शाबासकी देतं, आणि सकाळी कोणी विचारलं काल काय वाचलंस तर तोंडातून शब्द फुटत नाही. सध्या लेवीयमध्ये आहे (जुन्या करारातलं यज्ञ-नियमांचं पुस्तक), यज्ञाची चरबी कुठली जाळायची तो भाग, त्यातून मी काय घ्यायचं देव जाणे (खरंच तोच जाणे). वाचायचं राहिलं तर दिवसभर अपराधी वाटतं, आणि वाचलं तर काहीच वाटत नाही. विश्वास उडालाय असं अजिबात नाही, प्रार्थना होते. फक्त शास्त्र उघडलं की हजेरी लावल्यासारखं होतं. तुम्ही लोक कसं वाचता? "प्रार्थना करून वाच" एवढंच नका सांगू प्लीज, ते ऐकून झालंय.

सावकाश_वाचक:
ताई, आधी तो प्लॅन बंद करा. ६६ पुस्तकांचे ११८९ अध्याय, भागिले ३६५, म्हणजे रोजचे सव्वातीन. हिशोब चोख आहे पण तो हिशोबच आहे. आणि अध्याय हे काही पवित्र माप नाही हो, ते पाडलेत तेराव्या शतकात, नव्या करारातल्या वचनांचे आजचे नंबर तर १५५१ चे. नव्या करारातली पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलाने पत्र लिहिताना कुठे थांबून "अध्याय २" लिहिलं नव्हतं.

मी मार्कचं शुभवर्तमान घेतो (नव्या करारातलं, येशूच्या जीवनाचं पुस्तक). १६ च अध्याय आहेत, पण एका बैठकीला एकच प्रसंग, तोही दोनदा वाचायचा, आणि वहीत फक्त प्रश्न लिहायचे, उत्तरं नाही. उदाहरण देतो. मार्क १० मध्ये याकोब आणि योहान हे शिष्य येशूकडे येतात, आम्ही मागू ते दे म्हणतात, तो विचारतो, मी तुमच्यासाठी काय करावं म्हणता? त्यांना हवी उजवी-डावीकडची खुर्ची. थोडं पुढे रस्त्याच्या कडेला आंधळा बार्तीमय ओरडतोय, लोक त्याला गप्प बस म्हणून दटावतायत, आणि येशू त्याला जवळजवळ त्याच शब्दांत तोच प्रश्न विचारतो. त्याला काय हवंय? दिसायला हवंय. बरोबर फिरणाऱ्या शिष्यांना मान हवा आणि भिकाऱ्याला नजर, मग यातला आंधळा कोण? हे मार्कने मुद्दाम जवळजवळ ठेवलंय असं मला वाटतं. सरसर वाचताना दोन वेगळ्या गोष्टी म्हणून निघून जातं. आणि एकदा दिसलं की तो प्रश्न आपल्याकडेच वळतो, मला विचारलं तर मी काय मागेन? त्यावर मी बरेच दिवस अडकलो होतो, पुढे सरकलोच नाही, काही बिघडलं नाही.

जुनी_सवय:
वरच्यांशी अर्धंच सहमत. प्लॅन बंद करा म्हणणं सोपं आहे, पण बंद केला की बहुतेक लोक सावकाश वाचत नाहीत, वाचतच नाहीत 🙂 मन लागेल तेव्हाच वाचायचं ठरवलं तर शास्त्र कपाटातच राहणार. कर्तव्य म्हणजे वाईटच असं कोणी ठरवलं? आजारी माणसाला रोज डबा नेऊन देणारा रोज भरल्या मनानेच जातो असं थोडंच आहे.

आणि गंमत बघा, स्कॉटलंडचे पाळक रॉबर्ट मरे मॅक्शेन यांनी १८४२ च्या अखेरीस आपल्या चर्चच्या मंडळीसाठी वर्षभराचं वाचन आखून दिलं, आजही लोक ते वापरतात, पण त्याच वेळी त्यांनी धोकेही लिहून ठेवले. वाचन नुसता उपचार होईल, वाचलं म्हणून स्वतःला धार्मिक समजाल, घाईत वाचाल, किंवा ते न पेलणारं जू होईल. म्हणजे तुमची तक्रार प्लॅन बनवणाऱ्यालाच ठाऊक होती! तेव्हा तारखा खोडा, क्रम ठेवा. वर्षाचं तीन वर्षांत होऊ दे. आणि वेळ बदला बाई, झोपेत काय कळणार.

खोडरबर:
अजून एक. "यातून माझ्यासाठी आज काय" हा प्रश्न पहिल्याच मिनिटाला विचारायचा नाही. त्याने वाचन कोरडं होतं, कारण रोज काहीतरी गोड निघायलाच पाहिजे असं प्रेशर येतं. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं २९:११ घ्या, तुमच्या हिताचे संकल्प मी जाणतो, हे वचन सगळ्यांच्या स्टेटसवर असतं. पण ते पत्र आहे, बाबेलात बंदिवान करून नेलेल्या लोकांना. लगेच आधीच्या वचनात ७० वर्षं म्हटलंय! त्याआधी सांगितलंय घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बरेच जण परत जाणारच नव्हते. हे कळल्यावर ते वचन स्टेटसवर टाकावंसं वाटत नाही कदाचित, पण खऱ्या अडचणीत जास्त टिकतं असा माझा अनुभव. आधी कोणाला लिहिलं ते बघा, मग आपलं.

आणि काहीच वाटत नाही त्या दिवशी तेच देवाला सांगा ना. स्तोत्र १३ मध्ये दावीद पहिल्या दोन वचनांतच चार वेळा "कुठवर" विचारतो. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी आशा वगैरे काही नाही, तरी ते शास्त्रात आहे.

पानोपानी:
थँक्यू सगळ्यांना 🙏 मार्क १० आत्ताच काढून बघितलं, बार्तीमय आपलं वस्त्र टाकून उठतो हे मी कधी लक्षातच घेतलं नव्हतं, भिकाऱ्याकडे दुसरं काय असणार. ॲपची आठवण बंद केली, क्रम ठेवते, वेळ सकाळची करून बघते, जमेल का माहीत नाही. पण मग लेवीयचं काय करू? सोडून देऊ?

सावकाश_वाचक:
सोडू नका, बाजूला ठेवा. आत्ता त्यातलं फक्त १९:९-१० वाचा, शेताच्या कडा कापू नका, पडलेलं गोळा करू नका, ते गरिबांना आणि परक्यांना राहू द्या असं आहे. मग लगेच रूथच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय काढा आणि बघा ती कोणाच्या शेतात काय वेचतेय.

जुनी_सवय:
आणि लेवीयचा १६ वा अध्याय नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राच्या ९ व्या अध्यायासोबत वाचा. पण तो सकाळीच, रात्री नको 😄