मदत हवी आहे: परदेशी नोंदी कोहात घेताना मराठी शीर्षकं बिघडतात

नौपाडा_वाचनालय
ठाण्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर बसवलंय. सुमारे ६,००० मराठी पुस्तकांच्या नोंदी करायच्या आहेत. झेड ३९.५० वरून (दुसऱ्या ग्रंथालयाच्या सूचीत थेट शोधून) आणि मार्क (ग्रंथनोंदींचा संगणकीय नमुना) फाइलींतून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नोंदी घेतोय. शीर्षकं रोमनमध्ये येतात, फाइलीतून चढवलेल्या नोंदींत भलतीच चिन्हं दिसतात, शिवाय एकेका पुस्तकाच्या दोन-दोन नोंदी होतात. रोमनचं देवनागरी करून देणारं सॉफ्टवेअर वापरावं का?

वाशीकर
आधी चिन्हांचं बघा. लीडरमधलं (नोंदीच्या सुरुवातीचा भाग) ०९ हे स्थान तपासा (मोजणी शून्यापासून, म्हणजे दहावं अक्षर). रिकामं असेल तर फाइल मार्क-८ या जुन्या अक्षरसंकेतात, 'ए' असेल तर युनिकोडमध्ये. मार्क-८ फाइल चढवताना एन्कोडिंग यूटीएफ-८ (युनिकोडचं) निवडलं की हाच गोंधळ होतो. रोमन अक्षरावरची रेघ किंवा टिंब ही खूण मार्क-८ मध्ये अक्षराच्या आधी येते, युनिकोडमध्ये नंतर. त्यामुळे शोधा-बदला करून हे सुधारत नाही. तो गठ्ठा कोहातल्या मॅनेज स्टेज्ड रेकॉर्ड्समधून मागे घ्या आणि योग्य एन्कोडिंग निवडून पुन्हा चढवा. मार्क नोंदी सुधारायचं मार्कएडिट हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यातही रूपांतर होतं. पहिल्यांदा २०-२५ नोंदीच घ्या.

ग्रंथसूची_ठाणे
सॉफ्टवेअरवर सोडू नका. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या लिप्यंतरात अनुस्वार पुढच्या व्यंजनाप्रमाणे बदलतो. 'ग्रंथ'मधल्या टिंबाचा तिथे 'न' होतो, आणि यंत्र उलटं फिरवलं की 'ग्रन्थ' मिळतं. मग 'ग्रंथ' टाइप करणाऱ्या वाचकाला पुस्तक सापडत नाही.

आधी ८८० फील्ड (मार्क नोंदीतला क्रमांक दिलेला भाग) बघा. मूळ लिपीतलं शीर्षक दिलेलं असेल तर ते तिथेच असतं, उपफील्ड ६ ने २४५ शी (शीर्षकाचं फील्ड) जोडलेलं. नसेल तर मुखपृष्ठ नव्हे, शीर्षकपृष्ठ समोर ठेवून २४५ मध्ये देवनागरी टंका. रोमन रूप पुसू नका, २४६ मध्ये (पर्यायी शीर्षक) ठेवा. रोमनमध्ये शोधणारेही असतात. लेखकाचं नाव सगळीकडे एकाच रूपात हवं, नाहीतर एकाच लेखकाची पुस्तकं दोन नावांखाली विखुरतात.

आणि ०४० मधला मूळ मजकूर पुसू नका. मूळ नोंद कोणी केली ते त्यात असतं. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्ली कार्यालय १९६२ पासून इथली पुस्तकं मिळवतंय, नोंदवतंय. त्या श्रमाची खूण राहिलीच पाहिजे. दुरुस्ती तुम्ही केलीत हे त्याच ०४० च्या उपफील्ड डी मध्ये जोडा.

वाशीकर
दुहेरी नोंदी बहुधा आयएसबीएनमुळे (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक). एका नोंदीत १० अंकी, दुसरीत १३ अंकी, कधी क्रमांकापुढे कंसात बांधणीचा प्रकार. मग नोंद आधीच आहे का हे ओळखणारा कोहाचा जुळणीचा नियम फसतो. जुन्या मराठी पुस्तकांना तर आयएसबीएनच नसतो. तिथे शीर्षक, लेखक आणि प्रकाशनवर्ष तिन्ही पडताळा. २५० मधली आवृत्ती आणि ३०० मधली पानं हातातल्या प्रतीशी जुळत नसतील तर ती नोंद तशीच घेऊ नका.

नौपाडा_वाचनालय
आभार. ०८२ मध्ये (ड्यूई या विषयवार वर्गीकरणाचा क्रमांक) '८९१.४/६३७१' असा आकडा येतोय. तिरकी रेघ कशाची?

ग्रंथसूची_ठाणे
ड्यूई क्रमांक कुठे तोडता येतो, त्याची ती खूण. लेबलवर छापायची नाही. पण तुम्ही रेघेपाशीच थांबलात तर मराठी साहित्याची ओळखच जाईल, कारण मराठी साहित्याचा क्रमांक ८९१.४६. कादंबऱ्यांना ८९१.४६३ पुरेसं. दाखल क्रमांक आणि बारकोड आणलेल्या नोंदीत नसतात, ते कोहाच्या ९५२ मध्ये (प्रतींची माहिती) प्रत्येक प्रतीसाठी वेगळे भरा.