तीस वर्षांची पोलीस नोकरी म्हणजे शेरीफपदाची पात्रता का?

रानवाट (क्युपर्टिनो)

शेरीफची, म्हणजे काउंटीच्या (जिल्ह्याच्या) निवडून येणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याची, निवडणूक आली की इथली अमेरिकेतली आपली बरीचशी मराठी मंडळी पत्रकावरची एकच ओळ वाचतात: "इतकी वर्षं पोलीस सेवेत". तेवढ्यावर मत देऊन मोकळी होतात. मला ही सवय धोक्याची वाटते, म्हणून हा धागा.

उदाहरण आमच्याच सांता क्लारा काउंटीचं. लॉरी स्मिथ १९७३ मध्ये या खात्यात लागल्या, एकेक पायरी चढत १९९८ मध्ये शेरीफ झाल्या. कॅलिफोर्नियात या पदावर निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला. सलग सहा निवडणुका जिंकल्या. नुसता अनुभव बघायचा तर त्यांच्या तोडीचं कोणी नव्हतं. ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस गैरवर्तनाचा खटला चालू असतानाच त्यांनी पद सोडलं आणि काही दिवसांत ज्यूरीने त्यांना दोषी ठरवलं. मुख्य आरोप बंदूक बाळगण्याचे परवाने मर्जीतल्या लोकांना आणि देणगीदारांना दिल्याचा होता.

त्याआधी तुरुंगात काय चाललं होतं तेही आठवा. इथे काउंटीचा तुरुंग शेरीफच चालवतो. २०१५ मध्ये मानसिक आजार असलेला एक कैदी मारहाणीत गेला आणि तीन रक्षकांवर खुनाचा खटला चालला. २०१८ मध्ये अशाच एका आजारी कैद्याने तुरुंगाच्या गाडीत डोकं आपटून घेतलं, मदत वेळेवर मिळाली नाही आणि तो कायमचा जायबंदी झाला. काउंटीने त्याच्या कुटुंबाला एक कोटी डॉलर भरपाई दिली. तो पैसा तुमच्या-माझ्या करातला.

क्युपर्टिनो, साराटोगा, लॉस आल्टोस हिल्स या गावांना स्वतःचं पोलीस खातंच नाही, ती शेरीफशी करार करतात. रात्री मी मदतीसाठी ९११ लावला तर दारात येईल तो शेरीफचा डेप्युटी, म्हणजे त्याच्या हाताखालचा पोलीस. म्हणून माझं म्हणणं एवढंच: वर्षं मोजू नका. त्या वर्षांत माणसाने काय हाताळलं, आणि हाताखालचा माणूस चुकला तेव्हा तो कसा वागला, ते तपासा.

निवृत्त_फौजदार (सोलापूर)

रानवाट, एका उदाहरणावरून अनुभवालाच मोडीत काढताय. मी आयुष्य खाकीत काढलंय. हत्यारबंद माणसांना हुकूम देणारा स्वतः कधी गस्तीवर गेला नसेल, त्याने कधी पंचनामा केला नसेल, तर ठाण्यातला शिपाईसुद्धा त्याला चार दिवसांत ओळखतो. मग कागदोपत्री सगळं ठीक दिसतं आणि खाली कोणी ऐकत नाही.

मुळात हे पद निवडणुकीतून भरणंच मला मान्य नाही. आपल्याकडे एसपी मतं मागत फिरत नाही. पुढाऱ्यांचा दबाव कमी व्हावा म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या प्रकाश सिंह निकालात पोलीस महासंचालकाला किमान दोन वर्षांची मुदत द्यायला सांगितलं. तुमच्याकडे शेरीफला प्रचारासाठी देणग्या लागतात. देणगीदारांना परवाने, हे प्रकरण तिथूनच जन्मलं, अनुभवातून नाही. निवडणूक घ्यायचीच असेल तर निदान उमेदवार तरी मुरलेला अधिकारी हवा. तेवढा एकच लगाम उरतो.

साधामाणूस (तळेगाव)

मला शेरीफ म्हटलं की मुंबईचे शेरीफ आठवतात. दिलीपकुमार, सुनील गावसकर यांना तो मान मिळाला होता. अमेरिकेतल्या शेरीफचं नेमकं काम काय? नुसती गस्त?

रानवाट

मुंबईचं पद वर्षभराचं, मानाचं. इथलं पूर्ण वेगळं. आपल्या हिशेबात सांगायचं तर एसपी, तुरुंग अधीक्षक, कोर्टाचा बेलीफ आणि शस्त्रपरवाना देणारा जिल्हाधिकारी या चौघांचं काम एका माणसाकडे. महाराष्ट्रात कारागृह विभाग वेगळा आहे, परवान्याची सही वेगळ्या टेबलावर होते. इथे घर रिकामं करायची नोटीस शेरीफचा माणूस आणतो, कोर्टात बंदोबस्ताला तोच उभा असतो आणि कोठडीची किल्लीही त्याच्याकडेच. त्यात २०११ पासून कॅलिफोर्नियाने बऱ्याच गुन्ह्यांची शिक्षा राज्याच्या तुरुंगाऐवजी काउंटीच्या तुरुंगात भोगायची सोय केली. म्हणजे काही महिन्यांसाठी बांधलेल्या जागेत लोक वर्षानुवर्षं राहू लागले. गस्तीत आयुष्य गेलेल्या अधिकाऱ्याला यातलं किती माहीत असतं?

चौकस (एडिसन)

सगळीकडे असं नसतं हो. आमच्या न्यू जर्सीत गस्त घालायला बहुतेक गावांचे स्वतःचे पोलीस आहेत. शेरीफकडे मुख्यतः कोर्टाची सुरक्षा, वॉरंट, कर्ज थकलेल्या घरांचे लिलाव. मुदत तीन वर्षांची. कनेटिकटने तर २००० मध्ये मतदान घेऊन काउंटी शेरीफ हे पदच बंद केलं.

लेखणी (सॅन फ्रान्सिस्को)

मी वकिली करते, आणि मला रानवाट आणि फौजदारकाका दोघांशीही वाद घालायचाय. तुम्ही दोघं गृहीत धरताय की उमेदवार पोलीसच असणार. असं का?

मायकेल हेनेसी हे सॅन फ्रान्सिस्कोचे शेरीफ १९८० ते २०१२ पर्यंत होते. ते पोलीस नव्हते. तुरुंगातल्या कैद्यांना कायदेशीर मदत देणारे वकील होते. ज्या कोठड्यांमधले हाल त्यांनी अशिलांच्या तोंडून ऐकले, त्याच कोठड्या ते तीन दशकं चालवत होते, आणि लोक त्यांना पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले. मग राज्याने कायदा केला. १९८९ पासून नव्या उमेदवाराला एकतर पोलीस प्रशिक्षणाचं प्रगत प्रमाणपत्र हवं, नाहीतर पदवीनुसार एक ते चार वर्षांची पगारी पोलीस नोकरी. हेनेसी आधीपासून पदावर होते म्हणून वाचले. आज त्यांच्यासारखी व्यक्ती अर्जसुद्धा भरू शकत नाही. २०२१ मध्ये ही अट काढायचं विधेयक आलं, ते मंजूर झालं नाही.

ज्या खात्यावर लोकांचा वचक हवा, त्याच्या प्रमुखपदासाठी फक्त खात्यातलेच लोक उभे राहू शकतात. याला मी निवड म्हणत नाही.

निवृत्त_फौजदार

ताई, एक गोष्ट तुम्ही सोडून दिलीत. सॅन फ्रान्सिस्कोला वेगळं पोलीस खातं आहे. तिथला शेरीफ तुरुंग आणि कोर्ट बघतो, चोरांमागे धावत नाही. तिथे वकील चालला असेल, मी नाकारत नाही. पण रानवाटांच्या गावात शेरीफच पोलीस आहे. तिथे गोळीबार झाला तर रात्री दोन वाजता हुकूम कोण देणार? हाताखालचा अधिकारी देईल म्हणाल, तर मग खरा शेरीफ तोच झाला, आणि त्याला कोणी निवडून दिलेलं नाही.

लेखणी

नागरी सत्तेचा अर्थच तो आहे, काका. गृहमंत्री कुठे पंचनामा करतो? आणि अनुभवी माणसाच्या हाती सगळं दिल्यावर काय होतं त्याचा दाखला देते. कॅलिफोर्नियाच्या बहुतेक काउंट्यांमध्ये शेरीफच कोरोनरही असतो, म्हणजे मृत्यू नैसर्गिक, अपघाती की दुसऱ्याच्या हातून झाला हे तोच ठरवतो. त्याच्याच माणसांच्या हातून कोणी गेला तरी! सॅन होकीन काउंटीत शवविच्छेदन करणारे डॉ. बेनेट ओमालू यांनी २०१७ च्या अखेरीस राजीनामा दिला. पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूंच्या निष्कर्षांत शेरीफ ढवळाढवळ करतात, असा त्यांचा आरोप होता. शेरीफने तो नाकारला. पण पुढच्याच वर्षी काउंटीने दोन्ही कामं वेगळी केली. तो शेरीफही अनुभवी पोलीस अधिकारीच होता.

तिखटमीठ (लॉस एंजेलिस)

अनुभवाची गोष्ट निघाली आहे तर आमच्याकडे या. ली बाका १९६५ पासून खात्यात, १९९८ ला निवडून आले. तुरुंगातल्या मारहाणीची एफबीआय चौकशी करत होती, त्यात अडथळे आणल्याबद्दल २०१७ मध्ये दोषी ठरले, तीन वर्षांची शिक्षा झाली. त्यांचे उपप्रमुख पॉल टनाका आदल्या वर्षीच दोषी ठरले होते, त्यांना पाच वर्षं. दोघंही खात्यातच मोठे झालेले. आतला माणूस आपल्या माणसांवर हात टाकायला कचरतो, मला तरी हेच दिसलं.

पण फौजदारांचं निवडणुकीबद्दलचं मत मला अजिबात मान्य नाही. २०१८ मध्ये अलेक्स व्हिलानुएवा या निवृत्त लेफ्टनंटने पदावरच्या शेरीफला हरवलं. शंभराहून जास्त वर्षांत इथे असं झालं नव्हतं. तो नकोसा झाल्यावर २०२२ मध्ये लोकांनी त्यालाही घरी पाठवलं आणि लाँग बीचचे माजी पोलीसप्रमुख रॉबर्ट लूना यांना आणलं. त्याच मतदानात काउंटीचा कारभार बघणाऱ्या निवडून आलेल्या पर्यवेक्षकांना, पाचपैकी चार जण एकमताचे असतील तर, शेरीफला काढायचा अधिकारही दिला. वरून नेमलेला अधिकारी नकोसा झाला तर सोलापूरच्या माणसाने काय करायचं? बदलीची वाट बघायची?

रानवाट

लेखणी, कायद्याची ती अट मलाही जाचक वाटते. तरी गावची गस्त ज्याच्याकडे आहे त्या पदासाठी मी पोलीस कामाचा अनुभव मागेन. इथे मी फौजदारांच्या बाजूला.

मात्र तिखटमीठ म्हणतात तसं बाहेरचा माणूस आणला की झालं, असंही नाही. २०२२ ला आमच्याकडे निवड नेमकी हीच होती. एकीकडे याच खात्यातून निवृत्त झालेले कॅप्टन केव्हिन जेन्सन, जे २०१४ मध्ये स्मिथ यांच्याविरुद्ध उभे राहून हरले होते. दुसरीकडे बॉब जॉन्सन. त्यांची सुरुवात लॉस एंजेलिस शेरीफ खात्यातली, पुढे मेन्लो पार्क आणि पालो आल्टोचे पोलीसप्रमुख. जॉन्सन निवडून आले. पण पालो आल्टोत जानेवारी २०२१ मध्ये त्यांनी पोलिसांचा रेडिओ सांकेतिक केला. इतकी वर्षं पत्रकार आणि नागरिक जो ऐकू शकत होते तो बंद झाला. गोपनीय माहिती जपण्याबद्दलची राज्याची सूचना हे कारण होतं. त्यांच्यानंतरच्या प्रमुखाने २०२२ मध्येच तो पुन्हा खुला केला. म्हणजे ती सूचना पाळूनही रेडिओ खुला ठेवता येत होता. माझ्या लेखी त्यांच्या सगळ्या पदांच्या यादीपेक्षा हा एक निर्णय जास्त बोलका आहे. आपल्यापैकी किती जणांनी मत देण्यापूर्वी तो विचारात घेतला?

राज्याने शेरीफच्या निवडणुका अध्यक्षीय निवडणुकीच्या वर्षात नेल्यामुळे आमच्याकडे पुढचं मतदान २०२८ ला. हाताशी वेळ आहे. २०१९ पासून राज्यात पोलिसांच्या गोळीबाराच्या, गंभीर बळवापराच्या आणि सिद्ध झालेल्या खोटेपणाच्या फायली नागरिकांना मागता येतात. उमेदवाराच्या स्वतःच्या मागवाव्यात, आणि तो जिथे प्रमुख होता तिथल्याही.

निवृत्त_फौजदार

जरूर मागवा. पण फायली वाचताना एक ध्यानात असू द्या. ज्याने बदनाम वस्तीत, रात्रपाळीत नोकरी केली त्याच्या नावावर तक्रारी असणारच. माझ्याही होत्या, चौकशा झाल्या, त्यांना मी सामोरा गेलो. जो कायम मुख्यालयात टेबलावर बसला, त्याची फाईल कोरी. कोरी फाईल बघून त्यालाच मत दिलंत, तर ज्या कैद्यांसाठी तुम्ही हा धागा काढला त्यांच्या कोठडीत तो शेरीफ झाल्यावर पहिल्यांदा पाऊल टाकेल.