मदत हवी आहे: आयफोनवर स्वतःचं ब्राउझर इंजिन, पण युरोपात

डिजिटल मार्केट्स ॲक्ट या युरोपीय संघाच्या कायद्यामुळे ॲपलने मार्च 2024 मध्ये, आयओएस 17.4 पासून, युरोपीय संघात आपल्या वेबकिटशिवाय इतर ब्राउझर इंजिनांना (वेबपानं वाचून दाखवणारा ब्राउझरचा गाभा) दार उघडलं. दार उघडलं खरं, पण उंबरठा केवढा! वेब प्लॅटफॉर्म टेस्ट्स (वेबची मानकं तपासणारा संच) यात 90 टक्के आणि टेस्ट262 (जावास्क्रिप्टची मानकं तपासणारा संच) यात 80 टक्के चाचण्या पास हव्यात. त्यावर 2024 च्या अटींनुसार वेबकिटवाल्या ॲपपासून वेगळी बायनरी, म्हणजे वेगळं ॲपच. त्यामुळे जुने वापरकर्ते आपोआप नव्या ॲपमध्ये येत नाहीत. खरी मेख तिथेच आहे.

ब्राउझरइंजिनकिट या ॲपलच्या फ्रेमवर्कमध्ये वेब कंटेंट, नेटवर्किंग आणि रेंडरिंग अशी तीन एक्स्टेन्शन्स बांधून कोणी पाहिली आहेत का? उघडे टॅब आणि बुकमार्क जुन्या ॲपमधून नव्यात ॲप ग्रुपने (एकाच डेव्हलपरच्या ॲप्सची फोनवरची सामाईक साठवण) न्यावेत की सर्व्हर सिंकने? आणि पुण्यात बसून युरोपसाठीच्या बिल्डची चाचणी कशी करता?